टोन मंडळींच्या मागे मागे : आयर्लंडमधले पाच दिवस

विल्यम टोन हे नाव मला पहिल्यांदा भेटलं ते पेशव्यांच्या कवायती पायदळाबद्दल वाचताना. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी एका पलटणीचा हा आयरिश अधिकारी. त्याने मराठ्यांचा कारभार, फौज आणि रीतीभाती यांवर एक पुस्तिका लिहिली. मराठे मुळात कुणबी, धनगर आणि गवळी, म्हणून त्यांच्या वागण्यात इतका साधेपणा, असं त्याचं निरीक्षण. पुढे तो होळकरांकडे गेला आणि १८०२ मध्ये त्यांच्या चाकरीत लढताना मारला गेला. त्याच्या नावाखाली बारीक अक्षरात टीप होती : इंग्रजांविरुद्ध उठलेला आयरिश बंडखोर वुल्फ टोन, त्याचा धाकटा भाऊ.

ती टीप माझ्या डोक्यात दहा-बारा वर्षं बसून होती. भाचा ओंकार नोकरीनिमित्त डब्लिनला गेला आणि "मावशी, काकांना घेऊन ये ना" असं फोनवर म्हणू लागला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. श्रीकांतला समुद्रकड्यांवर जाऊन फोटो काढायचे होते. मी म्हटलं, काढू. काढले नाहीत, तो भाग वेगळा.

पहिला दिवस : डब्लिन

सकाळी ट्रॅमने मध्यवस्तीत आलो. लिफी नदीच्या उत्तरेला वुल्फ टोन स्ट्रीट आहे. पूर्वी तिचं नाव स्टॅफर्ड स्ट्रीट. २० जून १७६३ रोजी थिओबाल्ड वुल्फ टोन इथे जन्मला. बाप पीटर घोडागाड्या बांधणारा, धंदा बरा चाललेला. थिओबाल्ड, विल्यम, मॅथ्यू, आर्थर आणि मेरी ही त्याची जगलेली पाच मुलं. आज गल्लीत दुकानं आहेत, मागच्या बाजूने माल उतरवणारे ट्रक आहेत. घोडागाडीचं चाकसुद्धा दिसत नाही.

कोपऱ्यावर सेंट मेरीचं जुनं चर्च आहे. थिओबाल्डचा बाप्तिस्मा इथला. आता त्याचा पब झालाय, ऑर्गनच्या नळ्या तशाच ठेवून खाली टेबलं मांडलीत. बियरवाल्या आर्थर गिनेसचं लग्नही १७६१ मध्ये याच चर्चमध्ये लागलं होतं. हे कळल्यावर श्रीकांतने अर्धा ग्लास मागवला आणि "हा इतिहासाचा अभ्यास आहे" असं जाहीर केलं. मी सूप आणि सोडा ब्रेड घेतला.

तिथून ग्राफ्टन स्ट्रीट. आता नुसती खरेदीची गर्दी आणि कोपऱ्याकोपऱ्यावर गिटार घेऊन गाणारी पोरं. ट्रिनिटी कॉलेजात शिकणारा टोन या रस्त्यावरच्या एका खिडकीखालून रोज चकरा मारायचा. खिडकीत सोळा वर्षांची मुलगी बसायची. १७८५ मध्ये दोघांनी पळून जाऊन लग्न केलं. तिचं नाव मार्था. ते त्याला पसंत नव्हतं, म्हणून त्याने मटिल्डा ठेवलं. आपल्याकडे लग्नात तांदळात नाव लिहायची चाल होतीच, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही, रागही पुरता आला नाही. पण एवढं खरं, की पुढे साऱ्या घराला तारून नेलं ते या मुलीने.

विल्यमची ओळख मात्र लंडनमध्ये पटते. थोरला तिथे वकिलीच्या नावाखाली दिवस काढत होता. पैसे नाहीत, घरी बायको आणि लहानगी मुलगी. १७८८ च्या सप्टेंबरात एका वैतागलेल्या क्षणी दोघं भाऊ ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत गेले आणि म्हणाले, आम्हाला हिंदुस्थानात शिपाई म्हणून पाठवा. कारकुनाने सांगितलं, यंदाची जहाजं गेली, आता मार्चमध्ये या. स्वतःचा सत्यानाश करून घ्यायला निघालेली दोन माणसं आणि त्यांना तेवढीही सोय मिळू नये, असं उदाहरण जगात दुसरं नसेल, असं टोनने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय. मला हा माणूस आवडायला लागला तो इथे. विल्यम नंतर हिंदुस्थानात आलाच. थोरला आला नाही. आला असता तर पुण्याच्या कुठल्या तरी पागेजवळ दोन टोन दिसले असते आणि आयर्लंडच्या इतिहासातलं एक पान कोरं राहिलं असतं.

संध्याकाळी सेंट स्टीव्हन्स ग्रीनच्या कोपऱ्यावर त्याचा पुतळा पाहिला. एडवर्ड डिलेनीने घडवलेला, १९६७ चा. मागे उभ्या दगडांची ओळ, म्हणून डब्लिनकर त्याला थट्टेने 'टोनहेंज' म्हणतात. १९७१ मध्ये तो बॉम्बने उडवला होता, नंतर पुन्हा उभा केला.

दुसरा दिवस : बोडन्सटाउन

ह्यूस्टन स्टेशनवरून सॅलिन्सची गाडी. अर्ध्या तासात शहर संपतं आणि हिरवं सुरू होतं. सॅलिन्स कालव्याकाठचं गाव, पाण्यात लांबोडक्या होड्या बांधलेल्या. तिथून बोडन्सटाउन पायी. वाटेत गाई. दुसरं कोणी नाही.

स्मशानात पडक्या चर्चच्या भिंती आहेत, वर आयव्हीची वेल. भिंतीला लागून टोनची कबर, आजोबांच्या शेजारी. दरवर्षी जूनमध्ये आणि इतर वेळीही इथे वेगवेगळे पक्ष आपापली मिरवणूक घेऊन येतात, एकाने केलेलं दुसऱ्याला चालत नाही, आणि प्रत्येकाचा टोन वेगळा. पूर्वी तर लोक आठवण म्हणून कबरीच्या दगडाचे टवके काढून न्यायचे, इतके की दगडच उरेना. हे सगळं मला अगदी ओळखीचं वाटलं. कोणाच्या समाधीवर, ते सांगत बसत नाही.

टोनचं एक छोटंसं घर याच भागात होतं. त्याला तो फ्रेंचमध्ये 'चिखलवाडा' अशा अर्थाचं भारदस्त नाव देऊन हसायचा.

कबरीजवळच्या कट्ट्यावर बसून आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या आणि मी श्रीकांतला मूळ भानगड सांगितली, कारण कालपासून तो विचारत होता, "पण याने केलं काय?"

टोन स्वतः प्रोटेस्टंट. आयर्लंडमधले बहुसंख्य कॅथलिक, आणि त्यांना पार्लमेंटमध्ये बसायचा हक्क नाही. १७९१ मध्ये बेलफास्टला युनायटेड आयरिशमेन ही संस्था निघाली. दोन्ही पंथांनी एक होऊन इंग्लंडच्या जोखडातून सुटायचं, हा तिचा विचार, आणि टोन तिच्या मुळाशी. मग १७९४ मध्ये जॅक्सन नावाचा एक पाद्री फ्रान्सचा हेर म्हणून डब्लिनला आला. आयर्लंडची स्थिती कशी आहे, फ्रेंच उतरले तर लोक उठतील का, यावर टोनने त्याच्यासाठी टिपण लिहिलं. जॅक्सन पकडला गेला. एप्रिल १७९५ मध्ये शिक्षा ऐकायला उभा असताना तो आरोपीच्या पिंजऱ्यातच कोसळून मेला. विष घेऊन आला होता.

टोनचा गळाही त्याच दोरात अडकायचा. पण सरकारदरबारी त्याचे काही दोस्त होते. तोड निघाली : काय केलं ते कबूल कर, देश सोड, अमेरिकेला जा. शिक्षा ठोठावलेली नाही, पण थांबलास तर फाशी. २० मे १७९५ रोजी तो डब्लिनमधून निघाला. बरोबर मटिल्डा, बहीण मेरी, तीन मुलं, सुमारे सहाशे पुस्तकं आणि सातशे पौंडांच्या आसपास पैसे. आईबाप मागे राहिले.

"सहाशे पुस्तकं?" श्रीकांत म्हणाला. "मुलं तीन आणि पुस्तकं सहाशे? बायको काही बोलली नाही?"

तिसरा दिवस : बेलफास्ट

बेलफास्ट म्हणजे कागदोपत्री दुसरा देश. ब्रिटन आणि आयर्लंड मिळून भारतीयांसाठी एक व्हिसायोजना आहे. आयर्लंडच्या व्हिसावर तो शिक्का असला, तर पलीकडे जायला वेगळा व्हिसा लागत नाही. ओंकारने आमच्या अर्जाच्या वेळीच हे पाहून ठेवलं होतं. कॉनोली स्टेशनवरून सकाळची गाडी पकडली. सरहद्द कधी गेली ते कळलंसुद्धा नाही. फोनने तेवढा 'युनायटेड किंग्डममध्ये स्वागत' असा निरोप दिला, आणि चहाचे पैसे पौंडात द्यावे लागले.

शहराच्या उत्तरेला केव्हहिल नावाचा डोंगर आहे. उंची ३६८ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या चढाच्या पुढे काहीच नाही, पण वारा असा की बोलायची सोय नाही. खालून त्याचा कडा झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसतो, म्हणून लोक त्याला नेपोलियनचं नाक म्हणतात. आम्ही बेलफास्ट कॅसलपासून चढायला लागलो. आधी झाडी, मग कड्यातल्या गुहा, मग उघडा माळ. कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा भेटले. "टोनसाठी आलात? की नुसतं नाक बघायला?" त्यांनी विचारलं. टोनसाठी म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि काठीने वाट दाखवली.

शेवटच्या टोकाला मॅकार्ट्स फोर्ट म्हणतात. खाली सगळं बेलफास्ट, बंदरातल्या पिवळ्या क्रेन आणि समुद्राची लांब जीभ. १७९५ च्या जूनमध्ये टोन, त्याचे संस्थेतले साथी रसेल, नीलसन, मॅकक्रॅकन आणि आणखी एक-दोघं इथे चढले आणि इंग्लंडची सत्ता उलथून देश स्वतंत्र केल्याशिवाय थांबायचं नाही, अशी शपथ घेतली. म्हणजे हद्दपारीच्या वाटेवरच त्याने पुढच्या बंडाचा विडा उचलला. सरकारची समजूत की पीडा टळली!

शपथेचं वर्णन पुस्तकापुस्तकात सापडतं. मला जास्त आवडतात ते आजूबाजूचे दिवस. बेलफास्टच्या मित्रांनी या मंडळींना जवळजवळ महिनाभर हातावर झेललं. एक दिवस तंबू ठोकून जेवण आणि नाच, एक दिवस लॉ नीच्या तलावातल्या बेटावर सहल. निघायच्या वेळी ताजी शिधासामग्री, मिठाया, मुलांसाठी खाऊ यांनी बोटीतली खोली भरून टाकली. माहेरवाशिणीची पाठवणी करावी तशी.

१३ जूनला 'सिनसिनॅटस' निघालं. २३० टनी जहाजावर ३०० माणसं. आफ्रिकेतून नेल्या जाणाऱ्या गुलामांना याहून जास्त जागा मिळते, असं टोनने लिहिलंय. टोन मंडळींना पैसे मोजून मिळालेली खोली आठ फूट बाय सहा फूट. त्यात तीन अरुंद फळ्या : एकीवर मटिल्डा आणि धाकटा मुलगा, दुसरीवर मेरी आणि मुलगी मारिया, तिसरीवर टोन आणि थोरला मुलगा विल्यम (काकाचंच नाव).

श्रीकांत सिव्हिल इंजिनियर. निवृत्त झाला तरी टेप खिशात असतोच. रात्री हॉटेलवर त्याने न्हाणीघर मोजलं. बरोबर आठ बाय सहा भरलं नाही, थोडं मोठंच होतं. आम्ही दोघं आत उभे राहिलो, दार लावून घेतलं आणि गप्प झालो. सहा माणसं, दीड महिना.

न्यूफाउंडलंडजवळ इंग्रजांच्या युद्धनौकांनी जहाज अडवलं. अंगापिंडाने धड दिसेल त्याला आरमारात जबरदस्तीने ओढायचं, ही त्यांची रीत. एक सोडून सगळे खलाशी आणि पन्नासेक उतारू त्यांनी नेले. टोनलाही होडीत ढकलत होते. मटिल्डा आणि मेरी यांनी जो आकांत मांडला त्याने त्याची सुटका झाली. ज्या सत्तेविरुद्ध डोंगरावर शपथ घेतली, तिच्याच आरमारात दोर ओढत त्याचा जन्म जायचा, तो या दोघींच्या ओरडण्याने वाचला.

चौथा दिवस : बंक्राना

गाडीने डेरी, तिथून बसने डोनेगलमधलं बंक्राना. पाऊस. डेरीच्या आधी रेल्वे समुद्राच्या इतकी कडेने जाते की खिडकीवर पाऊस पडतोय की लाट, ते कळत नाही. पुन्हा सरहद्द, पुन्हा युरो, रस्त्यावरच्या पाट्या मैलांतून किलोमीटरमध्ये.

अमेरिकेत टोन रमला नाही. प्रिन्स्टनजवळ शेतजमिनीचा व्यवहार चालू होता, तोच आयर्लंडहून पत्रं आली : फ्रान्सला जा. त्याने मटिल्डाला विचारलं. ती आणि मेरी दोघी म्हणाल्या, जा. त्याच वेळी धाकटा आर्थर, कोवळा पोरगा, आयर्लंडला निरोप घेऊन परत धाडला गेला. बेलफास्टच्या मित्रांना खरं सांगायचं, बाकी कोणाला नाही. आईवडिलांना तर मुळीच नाही, त्यांना वाटू दे की थोरला न्यू जर्सीत शेती करतोय. हे वाचलं तेव्हा मला पीटर टोन पहिल्यांदा नीट दिसला. पोरगा साता समुद्रापलीकडून घरी येतो, आईच्या हातचं जेवतो आणि थोरल्याबद्दल खोटं बोलतो. १ जानेवारी १७९६ ला टोन न्यूयॉर्कहून निघाला. त्याआधी त्याला बायकोचं पत्र मिळालं, मला दिवस गेलेत. आधी सांगितलं असतं तर तो थांबला असता, म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

फ्रान्समध्ये त्याने खटपट करून आरमार मिळवलं. डिसेंबर १७९६ मध्ये ४३ जहाजं ब्रेस्टहून निघाली, आणि वाऱ्याने घात केला. बँट्रीच्या खाडीत किनारा बिस्किट फेकण्याच्या अंतरावर असताना परत फिरावं लागलं. बँट्री दक्षिणेला, आम्हाला जमलं नाही.

बंक्राना लॉ स्विली या लांबट खाडीवर आहे. १७९८ मध्ये आयर्लंडमध्ये बंड उठलं आणि टोन पुन्हा एका फ्रेंच ताफ्याबरोबर निघाला. १२ ऑक्टोबरला टॉरी बेटाजवळ इंग्रजांनी त्या ताफ्याला गाठलं. टोन 'ओश' या ७४ तोफांच्या जहाजावर होता. लढाईआधी फ्रेंच अधिकाऱ्यांनी त्याला सांगितलं होतं, लहान जलद जहाजावर चढ आणि निसट, आम्ही युद्धकैदी होऊ, तुझं काय होईल? फ्रेंच माझ्या देशासाठी लढतायत आणि मी पळालो असं म्हणवून घेणार नाही, म्हणून तो राहिला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कैद्यांना इथे उतरवलं. फ्रेंच गणवेशातल्या त्या अधिकाऱ्याला सर जॉर्ज हिल या जुन्या कॉलेजमित्राने नावाने ओळखलं.

आम्ही छत्री उलटी होईपर्यंत किनाऱ्यावर उभे राहिलो. समोर राखाडी पाणी, पलीकडचे डोंगर ढगात. क्रेना नदीवर सहा कमानींचा जुना दगडी पूल आहे, तिथे श्रीकांत बराच वेळ रमला. मी चहाच्या दुकानात बसून मोजे वाळवले.

पाचवा दिवस : पुन्हा डब्लिन

म्युझियम नावाच्या ट्रॅमथांब्यावर उतरलं की समोर कॉलिन्स बॅरक्स. आता राष्ट्रीय संग्रहालय, तेव्हा रॉयल बॅरक्स. मधला चौक एवढा मोठा की आपलीच पावलं ऐकू येतात. १० नोव्हेंबर १७९८ ला टोनवर इथे लष्करी खटला चालला. त्याने काही नाकारलं नाही. एकच मागणी केली : मी फ्रान्सचा सैनिक आहे, गोळी घाला. उत्तर आलं, फाशी. आदल्या रात्री त्याने चाकूने गळा कापून घेतला. तोही नीट कापला गेला नाही. शरीरशास्त्रात मी कच्चाच, असं तो म्हणाला म्हणतात. कंपनीच्या कचेरीतून हात हलवत परतलेला तो तरुण मला या वाक्यात पुन्हा दिसला.

वकील करनने न्यायालयातून फाशी थांबवण्याचा हुकूम आणला. तो देणारे सरन्यायाधीश लॉर्ड किलवॉर्डन त्याच वुल्फ घराण्यातले, ज्याचं नाव टोनला ठेवलं होतं. उपयोग नव्हता. १९ नोव्हेंबरला तो गेला. वय ३५.

बॅरक्ससमोर नदीकडे क्रॉपीज एकर नावाचं मैदान आहे. १७९८ च्या बंडखोरांना इथे पुरलं असं मानतात. त्यांत मॅथ्यूही असावा. हा तिसरा भाऊ फ्रेंच फौजेबरोबर उतरला, पकडला गेला आणि २९ सप्टेंबरला फासावर गेला. म्हणजे पीटर आणि मार्गारेट यांचे दोन मुलगे दोन महिन्यांच्या आत गेले, एकाच शहरात, जवळजवळ एकाच आवारात.

मेरीने एका स्विस व्यापाऱ्याशी लग्न केलं आणि कॅरिबियनमधल्या सँ-डोमिंगला गेली. तिथेच तापाने वारली. विल्यम होळकरांच्या लढाईत पडला. आर्थर दर्यावर्दी झाला आणि त्याची खबर येईनाशी झाली. मटिल्डा पॅरिसमध्ये राहिली. तिच्या पेन्शनसाठी नेपोलियनच्या भावाने, ल्युसियनने, सभागृहात भाषण केलं. मारिया आणि धाकटा फ्रँक क्षयाने गेले. उरलेल्या मुलाला, विल्यमला, तिने नेपोलियनच्या फौजेत अधिकारी झालेलं पाहिलं, मग ती अमेरिकेला गेली, आणि १८२६ मध्ये मुलाने बापाच्या आठवणी आणि रोजनिशी वॉशिंग्टनमध्ये छापल्या. दोन वर्षांत तोही गेला. ती १८४९ पर्यंत जगली.

आम्ही मैदानातल्या बाकावर बसलो होतो. श्रीकांतने विचारलं, "बाप भेटायला आला होता का तुरुंगात?"

यायला तयार होता. टोननेच नको म्हटलं. दोघांनाही सोसणार नाही, म्हणून नुसतं पत्र लिहिलं.

"आणि ते गाड्यांच्या कारखान्याचं घर इथून किती लांब?"

मला सांगता येईना. मग आम्ही चालतच निघालो. आर्बर हिलच्या तुरुंगाच्या बाजूने, स्मिथफील्डचा चौक ओलांडून, ट्रॅमच्या रुळांना धरून, परवाच्या त्या चर्चच्या पबपर्यंत. तिथून वुल्फ टोन स्ट्रीटवर वळलो. एका दुकानाच्या मागच्या दाराशी खोके उतरवणं चालू होतं.

श्रीकांतने घड्याळ पाहिलं. "अठरा मिनिटं," तो म्हणाला. "तू मध्ये दोनदा थांबलीस, नाहीतर पंधरा."